सत्तर रुपये आणलेत का?

साताऱ्याच्या आमच्या घराची बेल कधी धड वाजलीच नाही. बटण दाबलं की घसा बसल्यासारखा एक आवाज निघायचा आणि स्वयंपाकघरात पोचायच्या आत विरून जायचा. त्यामुळे घरची माणसं बेलच्या नादी लागत नसत, दारातूनच हाक मारत. ती हाक ठरलेली होती.

"धनंजय माने इथेच राहतात का?"

आतून बाबांचं उत्तर यायचं, तेही ठरलेलं. "राहतात. सत्तर रुपये आणलेत का?"

मग कडी निघायची.

'अशी ही बनवाबनवी' आला १९८८ साली, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबा जिल्हा परिषदेत कारकून. घरी तसे अबोल, पण त्या दिवशी थिएटरात इतके हसले की चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसावा तसा शर्टाच्या टोकाला पुसत बसले. पुण्यात राहायला जागा नाही म्हणून दोन मित्र बायकांची सोंगं घेतात, एवढीच गोष्ट. पण बाबांना त्यातल्या साड्यांचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांच्या मनात बसले ते सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार. या गृहस्थांनी मधुमेहाचं औषध इस्राईलहून मागवायला भाडेकरू धनंजय मानेंकडे सत्तर रुपये दिलेले असतात. औषध आणणारा माणूस वारला, असं अशोक सराफांचे माने गंभीर चेहऱ्याने सांगतात. मग माझ्या सत्तर रुपयांचं काय? तर तेही वारले.

पुढे मराठी घेऊन बी.ए. केलं तेव्हा या वाक्यावर मी बराच विचार केला. पैसे 'गेले' असं आपण म्हणतोच, आणि माणूसही 'गेला' म्हणतो. दोन्हीकडे एकच क्रियापद चालतं, म्हणून त्यात कुणाला हसू येत नाही. 'मेले' म्हटलं असतं तर नुसता उद्धटपणा झाला असता. 'वारले' हा शब्द मात्र शोकसंदेशातला, पोस्टकार्डावर वरच्या बाजूला काही न लिहिता पाठवायचा. तो सत्तर रुपयांना लावला की त्या नोटांना घरदार येतं, मागे कुणी रडणारं येतं, त्यांचं सुतकसुद्धा येतं. संवाद वसंत सबनीसांचे. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या माणसाला कोणता शब्द कुठे ठेवला की लोक खुर्चीतून सांडतील हे ठाऊक असणारच.

आमच्या घरात तेव्हापासून वस्तू हरवणं बंद झालं. त्या वारू लागल्या. माझी छत्री एसटीत वारली. दादाचा कंपास शाळेत वारला. बाबांनी एका सहकाऱ्याला मुलीच्या लग्नासाठी दिलेले आठशे रुपये तीन वर्षं अत्यवस्थ होते, मग एका दिवाळीला बाबांनीच जाहीर केलं, वारले. आई चिडली. तिने त्या पैशांवर स्वयंपाकघराच्या ओट्याला कडप्पा बसवायचं ठरवलं होतं. बाबा म्हणाले, "अगं, वारलेल्याबद्दल वाईट बोलू नये." आई हसली नाही, पण त्या आठशे रुपयांचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. बाबांनी त्या माणसाशी बोलणंही सोडलं नाही. बुडालेल्या पैशांसाठी माणूस किती काळ जळत राहतो हे मी पुढे नोकरीत पाहिलं, तेव्हा त्या एका शब्दाने बाबांनी काय साधलं होतं ते मला कळलं. ते त्या पैशांना पोचवून आले होते, एवढंच.

सिनेमा आणि मालिकांतली वाक्यं आयुष्याला शिकवतात म्हणतात. मला यात एक गंमत दिसते. जी वाक्यं शिकवायच्या इराद्याने लिहिलेली असतात ती माझ्या फारशी कामाला आली नाहीत. 'आनंद' मधलं 'ज़िंदगी बड़ी होनी चाहिए, लंबी नहीं' हे वाक्य मला अतिशय आवडायचं. १९७१ चा सिनेमा, माझ्या जन्माच्याही आधीचा, पण दूरदर्शनवर पाहिला तेव्हा मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. आज ते वाक्य रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या चित्रावर येतं आणि मी अंगठ्याने वर सरकवते. वाक्याचा काही दोष नाही. त्याच्यात सगळं सांगून झालेलं आहे, मला करायला काही उरलेलं नाही.

उरतात ते प्रश्न. एकदा माझ्या हे लक्षात आलं आणि मग मी बोटांवर मोजत बसले. 'कितने आदमी थे?' हा प्रश्नच आहे. 'क्या है तुम्हारे पास?' प्रश्न. 'कुणी घर देता का घर?' तोही प्रश्नच. आणि आमच्या दारातला तर साधा पत्ता विचारणारा प्रश्न, त्यात ना तत्त्वज्ञान ना टाळी. तो विचारायला नटसुद्धा लागत नाही, पोस्टमन पुरतो.

प्रश्नाला उत्तर मिळालं की तो मरतो, हेही मी पाहिलंय. २०१५ च्या पावसाळ्यापासून कटप्पाने बाहुबलीला का मारलं हे देशातलं लहान पोर विचारत होतं. रिक्षांच्या मागे तो प्रश्न रंगवलेला होता, आमच्या ऑफिसात त्याच्यावर पैजा लागल्या होत्या. २०१७ साली दुसरा भाग आला, उत्तर मिळालं, आणि पंधरा दिवसांत तो प्रश्न असा थंड झाला की आता कुणी विचारला तर विचारणाऱ्याचंच वय कळतं.

ज्याचं उत्तर मिळूनही भागत नाही असा एक प्रश्न मराठी सिनेमात आहे, आणि त्याच्याशी माझा हिशेब अजून मिटलेला नाही.

'सामना' मी पुण्यात कॉलेजला असताना एका फिल्म क्लबात पाहिला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. तो १९७५ चा. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, रामदास फुटाण्यांची निर्मिती. बर्लिनच्या महोत्सवात गेलेला सिनेमा, असं आम्हाला सुरुवातीला सांगण्यात आलं आणि आम्ही सगळे जरा ताठ बसलो. साखर कारखान्याचं साम्राज्य उभं केलेला हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर, म्हणजे श्रीराम लागू. हिंदुराव त्या मास्तरला वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो, आपलं वैभव दाखवतो. मास्तरच्या कानावर एक नाव येतं आणि तो तेच एक विचारत राहतो, "मारुती कांबळेचं काय झालं?"

बस. दुसरं काही नाही. प्यालेला असताना विचारतो, शुद्धीवर असताना विचारतो. मला तेव्हा सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर विचारणारा माणूस अजिबात शूर दिसत नाही. त्याचे पाय लटपटतात. त्याच्याकडे पुरावा नाही, पद नाही, धड कपडेही नाहीत. आहे तो एक प्रश्न, आणि तो गिळता येत नाही ही त्याची अडचण. समोर निळू फुल्यांचे डोळे. ओरडणारा खलनायक परवडला असं वाटायला लावणारे.

त्या वयात आम्ही त्या वाक्याचं काय केलं असेल? विनोद केला. मेसमधल्या आमटीत डाळ दिसली नाही की, "मारुती कांबळेचं काय झालं?" कुणाचा प्रियकर आठवडाभर कट्ट्यावर दिसला नाही की तेच. नोकरी लागल्यावर ऑफिसातही मी ही सवय नेली. पंचिंग मशीन सापडत नसलं की मी खुर्चीतून मोठ्याने विचारायची आणि अकाउंट्समधल्या दोन-तीन जुन्या मराठी माणसांना हसू फुटायचं. आपण चांगला सिनेमा पाहिलेला आहे हे चारचौघांत कळवायची ती एक पद्धतही होती, खोटं कशाला बोलू.

मग २०१६ साल. आमच्या मजल्यावर चहा देणारे एक मामा होते, कंत्राटदाराच्या हजेरीवर. साठीला आलेले. माझा चहा बिनसाखरेचा हे त्यांना सांगावं लागायचं नाही. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी रेंगाळले आणि खिशातून चार घड्या घातलेली पगाराची चिठ्ठी काढली. "मॅडम, हे पीएफ म्हणून कापतात ते कुठं जमा होतं?" मी पाहिलं. कपात होती, पण त्यांना खात्याचा नंबर कधी दिलेलाच नव्हता. तोवर पीएफचा युनिव्हर्सल नंबर, नोकरी बदलली तरी न बदलणारा, येऊन दोन वर्षं झाली होती. मी जरा आवेशात सांगितलं, "मामा, तुमचा हक्क आहे तो. कंत्राटदाराला नंबर मागा. लेखी मागा." कागदही मीच दिला आणि मजकूरही मीच सांगितला. मामांनी तो सावकाश, प्रत्येक अक्षराला रेघ जोडून लिहिला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी चहाचा ट्रे घेऊन एक पोरगा आला. माझ्या चहात साखर होती.

मामा कुठे गेले, असं मी त्या पोरालाच विचारलं. त्याला माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, कंत्राटदाराने माणसं बदलली वाटतं. अ‍ॅडमिनचे साहेब त्याच वेळी आमच्या मजल्यावर उभे होते, माझ्यापासून दहा पावलांवर. त्यांना विचारणं माझ्या अगदी हातात होतं. वाक्य तर माझ्या तोंडात वीस वर्षं होतं, पंचिंग मशीनसाठी झिजवलेलं. ते आलं नाही. त्या तिमाहीत आमच्या विभागातल्या चार बढत्यांची यादी अ‍ॅडमिनकडे होती, आणि तिच्यात माझं नाव होतं.

मी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. पुढे एकदा कंत्राटदाराच्या माणसाला आडून विचारलं, तर तो म्हणाला, "गावाला गेले असतील." मी ते मान्य केलं. मान्य करणं फार सोपं होतं, आणि मला बढतीही मिळाली.

'सामना' नंतर मी पुन्हा एकदाच पाहिला. मोहन आगाशेंचा मारुती कांबळे या वेळी मला नीट दिसला. पहिल्या वेळी माझं सगळं लक्ष लागू आणि फुले या दोन दिग्गजांच्या जुगलबंदीकडे होतं. ज्याच्याविषयी सिनेमाभर विचारलं जातं त्याचा चेहरा मी विसरले होते. ऑफिसात आता मी ते वाक्य विनोदासाठी वापरत नाही. नवीन मुलामुलींना ते माहीत नाही, त्यामुळे कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही.

हे लिहिलं म्हणून मला बरं वाटलेलं नाही, तेव्हा दुसऱ्या सिनेमाकडे जाते.

'दीवार' चा तो पुलाखालचा प्रसंग कुणाला सांगायला नको. विजय आपली यादी वाचतो, इमारती, बंगला, गाडी, बँकेतले पैसे, आणि भावाला विचारतो, तुझ्याकडे काय आहे? शशी कपूरचं उत्तर चार शब्दांचं. १९७५ पासून या देशातले मुलगे ते उत्तर आपलं म्हणून वापरत आले आहेत. २००९ साली ए. आर. रहमान यांनी ऑस्करच्या मंचावरून ते जगाला ऐकवलं, तेव्हा टीव्हीसमोर मी रडले होते.

आई रडली नव्हती. तिचं या वाक्याबद्दलचं मत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दूरदर्शनवर हा सिनेमा लागला की ती तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "मेरे पास म्हणजे काय? आई काय ब्लॉक आहे का?" आणि थोडं थांबून, "तिला विचारलंय का कुणी, तिच्याकडे काय आहे म्हणून?" बाबा म्हणायचे, गप्प बस, ऐकू दे. सलीम-जावेदच्या लेखणीला एवढा टोकदार वाचक दुसरा कुणी भेटला असेल असं मला वाटत नाही. अर्थात आईने हे त्यांना कधी कळवलं नाही.

बाबा २०१९ च्या फेब्रुवारीत गेले. उपचारांसाठी वर्षभर आधीच दोघं पुण्याला माझ्याकडे आली होती. चौदावा झाल्यावर दादा आणि मी जेवणाच्या टेबलावर बसलो. तो बंगळुरूला असतो. आई कुणाकडे, हा विषय. दादा म्हणाला, "आई माझ्याकडे येऊ दे." मी म्हटलं, "आई माझ्याकडे आहेच की." दोघांचाही हेतू चांगला होता आणि दोघांचेही आवाज चढत गेले. हवापाणी, डॉक्टर, लिफ्ट, माझी नोकरी, वहिनीचं घरी असणं. आतल्या खोलीच्या दारात आई कधी येऊन उभी राहिली आम्हाला कळलं नाही.

"भांडा," ती म्हणाली. "पूल तेवढा नाहीये इथं."

आम्ही गप्प झालो. मराठीत आपण सहज म्हणतो, आई सध्या माझ्याकडे असते. बाबा सध्या भावाकडे असतात. जशी एखादी शिडी, गॅसचा जादा सिलिंडर. 'मी आईकडे असते' हे वाक्य फक्त बाळंतपणापुरतं उरलंय. त्या रात्री मी आईला पहिल्यांदा विचारलं, तुला कुठे राहायचंय? ती म्हणाली, साताऱ्याला. ते आम्हा दोघांच्याही यादीत नव्हतं.

शेवटी ती वर्षातले चार महिने साताऱ्याला राहते, दिवाळीनंतर थंडीत. उरलेलं वर्ष पुण्याला. साताऱ्याच्या घराची बेल दादाने बदलून दिली, आता ती एक इंग्रजी धून वाजवते आणि आईला ती अजिबात आवडत नाही.

माझ्याकडे राहायला ती तयार झाली तरी एक गोष्ट तिने कधी लपवली नाही. 'नटसम्राट' तिने बाबांबरोबर रंगमंचावर पाहिलेलं. कुसुमाग्रजांचं हे नाटक १९७० चं. 'कुणी घर देता का घर?' हा त्यातला आक्रोश आमच्या पिढीने फ्लॅट शोधताना एजंटांना ऐकवून पार बोथट करून टाकला. आईला मात्र त्या स्वगतापेक्षा एक दुसरी जागा लागलेली. अप्पासाहेब आणि कावेरी आधी मुलाकडे राहतात, तिथे जमत नाही म्हणून मुलीकडे येतात, आणि मुलगीच त्यांच्यावर चोरीचा आळ घेते. २०१६ मध्ये नाना पाटेकरांचा सिनेमा आला तेव्हा मी तिकिटं काढत होते. आई म्हणाली, "मला नको. मुलीच्या घरी काय होतं ते मला माहितीय." मी हसून सोडून दिलं.

बाबा गेल्यावर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सोसायटीच्या मेंटेनन्सचे चार हजार मी पाकिटात घालून फ्रिजवर ठेवले होते. सकाळी पाकीट नव्हतं. घाईत होते, मीटिंग होती, मी घरभर फिरत जोरात विचारलं, "फ्रिजवरचे पैसे कुणी पाहिले का?"

नवऱ्याने नाही म्हटलं. मुलीने कानातले इअरफोन न काढता मान हलवली. आई खोलीतून बाहेर आली, हातात तिची चामड्याची जुनी पर्स. तिने काही न बोलता ती टेबलावर ठेवली आणि तिची चेन उघडली. आत बँकेचं पासबुक, देवळातल्या अंगाऱ्याची पुडी, बाबांचा एक पासपोर्ट फोटो, आणि दीडशे-दोनशे रुपये.

मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी तिच्यावर संशय घेतला नव्हता, स्वप्नातही नाही. पण माझ्या प्रश्नात 'कुणी' होतं, आणि घरात माणसं चार होती. पन्नास वर्षांपूर्वी पाहिलेल्या नाटकातला एक प्रसंग तिच्या आत तयार उभा होता, माझ्या एका प्रश्नाची वाट पाहत. मी ती पर्स बंद केली तेव्हा माझे हात कापत होते. मीटिंगला गेलेच नाही.

पाकीट दुपारी सापडलं. मीच ते लाइट बिलाच्या फाइलमध्ये घातलं होतं. आईला नेऊन दाखवलं. तिने चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे वारले नव्हते म्हणायचे."

ती हसली, आणि मग मलाही हसता आलं. तेव्हापासून घरात पैसे दिसले नाहीत तर मी आधी सगळ्या फायली बघते.

आता एक जोड सांगते, जी कळायला मला चाळीस वर्षं लागली. 'शोले' तला 'इतना सन्नाटा क्यों है भाई?' हा प्रश्न आता ग्रुपवर कुणी बोलत नसलं की टाकायच्या कामाला येतो. आमच्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर बाबा गेल्यानंतर आठ-दहा दिवस कुणी काही टाकत नव्हतं. मग एका धाकट्या भावाने हेच वाक्य टाकलं, इमामसाहेब झालेल्या हंगलांच्या फोटोसकट. त्याला लगेच दोघा-तिघांनी झापलं. बिचाऱ्याने पुसून टाकलं. मला राग आला नाही, पण त्या रात्री झोप येईना म्हणून मी तो प्रसंग काढून पाहिला. आंधळे इमामसाहेब आलेले आहेत. गाव जमलेलं आहे आणि कुणी बोलत नाही, कारण समोर त्यांच्याच मुलाचं प्रेत आहे आणि हे त्यांना सांगायचं कुणी? म्हणून ते विचारतात, एवढी शांतता का आहे?

हा प्रश्न आपण विनोदात कसा काय घेतला असेल? पण घेतला खरा, आणि मी कोण बोलणार, पंचिंग मशीनवाली. त्या भावाने चुकून बरोबर ठिकाणी टाकला होता, एवढंच मला त्या रात्री जाणवलं. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तेवढ्या एकाच दिवशी ते वाक्य आपल्या घरी परत आलं होतं.

आणि तो मुलगा, अहमद, ज्याचं प्रेत घोड्यावरून गावात येतं, तो सचिन पिळगांवकर. १९७५ साली 'शोले' त मेलेला हा पोरगा तेरा वर्षांनी 'अशी ही बनवाबनवी' दिग्दर्शित करतो, त्यात स्वतः साडी नेसून नाचतो, आणि साताऱ्याच्या एका कारकुनाला चष्मा पुसायला लावतो. बाबांना हे सांगायला हवं होतं. त्यांना माहीत असणार म्हणा, त्यांनी 'शोले' थिएटरात पाच वेळा पाहिला होता. पण आमचं दोघांचं त्यावर कधी बोलणं झालं नाही.

गेल्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आठवड्यात, शनिवारी दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं. कुरियरवाला होता, बावीस-तेवीस वर्षांचा, रेनकोटातून पाणी गळतंय, हातात बँकेचा लिफाफा प्लास्टिकच्या पिशवीत जपून धरलेला. त्याने लिफाफ्यावरचं नाव वाचलं. बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनाव आधी.

"इथेच राहतात का?"

मृत्यूचा दाखला आम्ही बँकेत दोनदा दिला होता. कुठल्या तरी यादीत बाबा अजून राहत होते. मला एकदम उत्तर सुचेना. राहतात म्हणावं, तर खोटं. नाही म्हणावं, तर तो लिफाफा घेऊन परत जाईल, आणि तेही मला नको होतं. मी तशीच दार धरून उभी राहिले.

आत सोफ्यावर आई शेंगा सोलत बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं, पण हे तिला ऐकू आलं.

"त्याला विचार," तिने तिथूनच मोठ्याने सांगितलं, "सत्तर रुपये आणलेत का?"

पोराने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तो सिनेमा आला तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. दारातून आत वाकून, हेल्मेट न काढता, त्याने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं.

"ते वारले, आजी!"

आई हसायला लागली. किती दिवसांनी अशी हसली, खांदे हलेपर्यंत, मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडेपर्यंत. तिने चष्मा काढला आणि पदराने पुसला. पोरगाही हसत होता, आपल्या विनोदावर खूश.

"सही करा, मॅडम," त्याने मोबाइल पुढे केला. काचेवर पाण्याचे थेंब होते, बोटाने रेघ उठेना, तीनदा करावी लागली.

"नातं काय टाकू?"

"मुलगी," मी म्हटलं.

त्याने टाकलं, आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.